सोळा जीबी रॅम आणि उरणची हळद

उरणचं न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. त्याच वर्षी जर्मनीतल्या स्टाइनबर्ग कंपनीने अटारीच्या कॉम्प्युटरसाठी क्युबेस नावाचं संगीताचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं आणि चेन्नईत ए. आर. रहमान यांनी घराच्या मागच्या अंगणात ‘पंचतन रेकॉर्ड इन’ हा स्टुडिओ थाटला. या तीन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण उरण तालुक्यातल्या होतकरू संगीतकाराला तो जोडून दाखवता येतो, कारण त्याला घरच्यांकडून पैसे काढायचे असतात. “बंदर आणि रहमान एकाच साली सुरू झाले, बंदराने आपली जमीन घेतली, आता रहमानचं तरी आपल्याला काहीतरी मिळायला नको का?” असा त्याचा सवाल असतो, आणि या सवालाला जेवणाच्या ताटावर बसलेल्या कुठल्याही बापाकडे उत्तर नसतं.

हा होतकरू उरणात हुडकावा लागत नाही. सोनारी, जसखार, करळ, नवघर, बोकडवीरा, कुठल्याही गावात दोन-चार तरी भेटतात. दिवसा तो सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गोदामात, सील तपासतो, सर्व्हेच्या कागदावर नंबर टिपतो किंवा ट्रेलरच्या रांगेत बसून राहतो. संध्याकाळी सातनंतर तो संगीतकार असतो. काम भरपूर आहे. एकवीरेच्या पालखीची गाणी, नारळी पुनवेची गाणी, गोविंदा पथकाचं गाणं, टेनिस बॉल क्रिकेटच्या संघाचं गाणं, एखाद्या ‘दादां’च्या वाढदिवसाचं गाणं, नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून गाणं. आणि या सगळ्यांच्या वर हळद. आगरी-कोळ्यांच्या लग्नात नवरा एक वेळ उशिरा आला तरी चालतो, हळदीचं गाणं उशिरा येऊन चालत नाही. त्यातून हल्ली नवरदेवाचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि गावाचं नाव गुंफलेलं खास गाणं लागतं. भिवंडीच्या संतोष चौधरींना, म्हणजे दादूसना, या गाण्यांनी २०२१ साली थेट ‘बिग बॉस मराठी’च्या घरात पोहोचवलं. तेव्हापासून तर अंगावर सोनं आणि हातात माइक अशी दोनच स्वप्नं पोरांना पडतात. सोनं महाग झाल्यामुळे सुरुवात माइकपासून होते.

पूर्वी लग्नातलं हे सगळं काम धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, करत असे. चुन्यापासून तांदळापर्यंत लग्नातल्या प्रत्येक विधीचा धवला तिला तोंडपाठ असायचा. तिला कुणी “बाय, तुझी रॅम किती?” असं विचारलं नाही. तिला लाईट गेली तरी चालायचं, आणि दर वर्षी नवी आवृत्ती घ्या म्हणून ती मागेही लागायची नाही.

होतकरूला मात्र कॉम्प्युटर लागतो, आणि तो घ्यायचं ठरवतो तेव्हा पहिली बैठक घरात होते. आकडा ऐकल्यावर बाप ओटीवरूनच म्हणतो, “येवऱ्या पैशान त होरी आली असती रं बाला.” हे मोजमाप सरळ आहे. घरात एकेकाळी होडी होती, ती गेली. मिठागरं गेली, शेतं गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी या जमिनींसाठी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला. त्यामुळे उरणात कुठलाही मोठा खर्च शेवटी साडेबारा टक्क्यांशी येऊन थांबतो. लग्न, गाडी, घराचा स्लॅब यांना या हिशोबात मान आहे. कॉम्प्युटरला नाही, कारण कॉम्प्युटर अंगणात उभा करून कुणाला दाखवता येत नाही. आई मात्र एवढंच विचारते की त्यावर हरिपाठ लागेल का. लागेल म्हटल्यावर तिचं मत पोराच्या बाजूने पडतं.

दुसरी बैठक मित्रांची. तिच्यात सल्ले फुकट असतात आणि त्यातला प्रत्येक सल्ला शेवटी दहा हजारांनी महाग पडतो.

बारावीतला भाचा गेम खेळतो, म्हणून तो घरातला तंत्रज्ञ. त्याचा हट्ट ग्राफिक्स कार्डाचा. हे कार्ड गाण्याच्या कामात जवळजवळ बसून खातं, पण भाच्याला ते सुटीत लागणार असतं. शिवाय त्याला डब्याच्या आत सात रंगांचे दिवे हवे असतात. त्या दिव्यांनी बास वाढत नाही, हे पटवायला अर्धी रात्र जाते. पनवेलला स्टुडिओ असलेला एक वडीलधारा मित्र फक्त “मॅक घे” म्हणतो. याच्यापुढे तो बोलत नाही. मॅकवाले सहसा बोलत नाहीतच, नुसते बघतात. तिसरा डीजेचा ऑपरेटर. त्याचं म्हणणं स्वच्छ असतं: “काय पण घे, खाली फुटलं पायजे.” आणि चौथा दुबईला जहाजावर असतो, तो व्हॉट्सअ‍ॅपवर सांगतो की मी येताना घेऊन येतो. हा चौथा माणूस गेली कित्येक वर्षं येतोच आहे.

या गोंधळात मूळ प्रश्न बाजूला राहतो की या यंत्राला नक्की काम काय आहे. ते फार गूढ नाही. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० तुकडे करायचे, लिहायचे आणि पुन्हा वाचायचे. चोवीस बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झला एका ट्रॅकचा एक मिनिट साडेआठ एमबीच्या थोडा वर जातो. चार मिनिटांच्या हळदीच्या गाण्यात ढोलकी, ताशा, संबळ, बेंजो, कीबोर्ड, कोरस आणि “वाजव रे” म्हणून ओरडणारा एक चुलतभाऊ असे तीस ट्रॅक धरले तर सगळं मिळून सुमारे एक जीबी होतं. आजच्या डिस्कपुढे हे काहीच नाही. डिस्क मात्र एसएसडी हवी. रॅम खाते ती वाद्यांच्या नमुन्यांची लायब्ररी. एकेका व्हायोलिनच्या ताफ्याला कित्येक जीबी लागतात. म्हणून सोळा जीबी ही आजची रास्त पायरी. आठमध्येही गाणं होतं, पण मग ब्राउझर बंद ठेवावा लागतो. ब्राउझर बंद ठेवून गाणं करू शकणारा संगीतकार अजून उरणात जन्मायचाय.

खरी गोम विलंबात आहे. पॅडवर काठी मारली आणि आवाज कानात आला, यात जो वेळ जातो तो. सॉफ्टवेअरमध्ये बफर नावाचा एक आकडा असतो. तो १०२४ ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्‌झला एका फेरीत सुमारे २३ मिलिसेकंद जातात. हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर धावतो, तेव्हा २३ मिलिसेकंद म्हणजे ढोलकीवाला आठ मीटरवर जाऊन बसल्यासारखं झालं. घर एवढं मोठं नसतं. म्हणजे ढोलकी शेजाऱ्याच्या पडवीत. बफर १२८ वर आणला की ढोलकीवाला एका मीटरवर येऊन बसतो, पण मग प्रोसेसर धापा टाकतो आणि गाण्यात तडतड सुरू होते. जुन्या मशिनवर होतकरू रात्रभर हा आकडा वरखाली करत असतो. ढोलकीवाला कधी पडवीत, कधी मांडीवर. यावर उपाय म्हणून विंडोजवर एएसआयओ नावाचा रस्ता आहे, तोही स्टाइनबर्गनेच काढलेला, आणि त्याच्यासाठी बरा ऑडिओ इंटरफेस घ्यावा लागतो. लाल रंगाची ती छोटी डबी विकत घेतली की अर्धी तक्रार मिटते. पण भाच्याच्या यादीत ही डबी नसते. तिच्यात सात रंगांचे दिवे नाहीत.

मॅक की विंडोज, हा वाद उरणात शेकाप की इतर, या वादाइतका जुना नसला तरी तितकाच बिनतोड आहे. मॅकच्या बाजूने दोन गोष्टी खऱ्या आहेत. एक, तिथे आवाजाचा कारभार मुळातच नीट लावलेला आहे, ड्रायव्हर शोधत फिरावं लागत नाही. दोन, गॅरेजबँड फुकट मिळतो, आणि रिहानाच्या ‘अंब्रेला’चा ठेका त्याच्यातल्याच तयार लूपवर उभा आहे. २०२४च्या अखेरीस एम४ चिपचा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांना आला, सोळा जीबी रॅमसकट. तेव्हापासून पनवेलच्या मित्राचं बघणं जास्तच बोचायला लागलं. पण त्यात डिस्क २५६ जीबी. ती ५१२ करायची तर किंमत तेव्हा ७९,९०० होती. या वरच्या वीस हजारांत तेव्हा बाजारात दोन टीबीची बाहेरची एसएसडी घेऊन वर वडापाव खाता येत होता. शिवाय मिनीसोबत स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, माउस नाही. त्या पैशात विंडोजचा पूर्ण डबा उभा राहतो, बिघडला तर गावातला पोरगा उघडून पुसून परत लावतो. खाऱ्या वाऱ्यामुळे उरणात लोखंडाचं जे होतं तेच रॅमच्या पट्टीच्या टोकांचं होतं. खोडरबराने घासली की मशिन उठून बसतं. मॅकला खोडरबर लावायची सोय नाही.

एक गंमत याहून मोठी आहे. हे सगळं सामान, मदरबोर्ड, माइक, लाल डबी, मोठ्या प्रमाणात येतं कुठून? न्हावा-शेव्यातून. २०२४-२५ या वर्षात या बंदराने वीस फुटी मापाने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले. होतकरूने मागवलेली डबी कदाचित त्याच्याच हाताखालून गेलेल्या पेटीत होती, त्याच्याच समोर ट्रेलरवर चढली, त्याच्या गावावरून धूळ उडवत भिवंडीच्या गोदामात गेली, तिथे चार दिवस विसावली आणि मग कुरिअरच्या पिशवीत बसून परत उरणला आली. वाटेत दोनदा ‘पत्ता सापडला नाही’ झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट जाहीर केली, तेव्हा गाण्याची काहीही जाण नसलेले कस्टम हाउस एजंटचे कारकूनसुद्धा आठवडाभर लॅपटॉपचे भाव सांगत हिंडत होते. पुढे अट सैल झाली. भाव झाले नाहीत.

डबा जोडून घरी आणायचा तर मुंबईतला लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग. तिथे दुकानदार कोरा कागद घेऊन भावाचं कोटेशन लिहितो आणि “संगीतासाठी? मग साउंड कार्ड तर लागेलच” म्हणत शेवटी गेमचंच मशिन गळ्यात मारतो. परतीला भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच. कॅबिनेटचा खोका मांडीवर, मासळीच्या टोपल्या पायाशी. ओहोटी लागली असेल तर गाळामुळे लाँच बंद, मग खोका आणि माणूस दोघंही धक्क्यावर भरतीची वाट बघत बसतात. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणची लोकल दोन्हींचं उद्घाटन झालं, आता न्हावा शेवा नावाचं स्टेशनही आहे, पण लोकलमध्ये खोका नेला की प्रत्येक प्रवासी आत काय आहे ते विचारतो आणि भाव सांगितला की “फसवलं तुला” म्हणतो. लाँचवर निदान इंजिनाच्या आवाजात ते ऐकू येत नाही.

मशिन आलं. आता सॉफ्टवेअर. इथे माणसाचा धर्म ठरतो.

उरणच्या पोरांत सर्वांत मोठा पंथ एफएल स्टुडिओचा. बेल्जियमच्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर १९९७ साली फ्रूटीलूप्स नावाने निघालं. पुढे नाव बदललं, त्यात न्याहारीचे गोड पोहे विकणाऱ्या केलॉग्जच्या फ्रूट लूप्सशी नावावरून झालेल्या भांडणाचाही हात होता. ठेका चौकटीत टिचक्या मारून लावायचा, ही त्याची रीत बेंजो पार्टीत ऑक्टापॅड वाजवलेल्या पोराच्या हाताला लगेच बसते. एकदा विकत घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या जन्मभर फुकट. हा सौदा इतका चांगला आहे की लोकांना त्यात काहीतरी काळंबेरं वाटतं आणि म्हणून ते विकत न घेता पेन ड्राइव्हवरून क्रॅक आणतात. क्रॅकसोबत व्हायरस येतो. मग मशिन रात्री दोन वाजता आपोआप काहीतरी करत बसतं आणि होतकरूला वाटतं, मास्टरिंग चालू आहे.

प्रामाणिक माणसासाठी एफएलची चाचणी आवृत्ती आहे. तिच्यात सगळं चालतं, गाणं सेव्हही होतं. फक्त सेव्ह केलेलं पुन्हा उघडत नाही, पैसे भरेपर्यंत. यावर उरणी तोडगा म्हणजे मशिन बंदच करायचं नाही. गाणं संपेपर्यंत चार-चार दिवस डबा चालू, त्याच्यावर टेबल फॅन सोडलेला, स्क्रीनवर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला बटण दाखवून सांगितलेलं असतं. आणि तिसऱ्या दिवशी देखभाल-दुरुस्तीसाठी वीजपुरवठा बंद राहील असा मेसेज महावितरणकडून येतो. यूपीएस किती मिनिटं टिकतं हे त्या दिवशी कळतं. गाणं नव्याने करावं लागतं, आणि बऱ्याचदा ते पहिल्यापेक्षा बरं होतं, पण हे त्याला त्या वेळी सांगू नये.

दुसरा पंथ क्युबेसचा. हा जुना, सोवळ्याचा. मोठ्या स्टुडिओत काम केलेली मंडळी यातली. पूर्वी त्याला यूएसबीची एक कुलूपकिल्ली लागायची. ती हरवली की माणूस घरातली जमिनीची कागदपत्रं शोधताना उचकतो तितकं घर उचकायचा. तिसरा लॉजिकचा. रहमान वापरतात म्हणून त्याला मान. हे सॉफ्टवेअरही मूळ जर्मन, इमॅजिक कंपनीचं, आणि विंडोजवर सुखाने नांदत होतं. जुलै २००२ मध्ये अ‍ॅपलने कंपनीच विकत घेतली आणि विंडोजवाल्यांना सांगितलं की आता घर बदला. विस्थापन म्हणजे काय हे उरणला समजावून सांगावं लागत नाही. पण इथे पुनर्वसनही नव्हतं.

मग रीपर. याला पंथ नाही, थोडे भक्त आहेत आणि ते कायम दुसऱ्यांना बाटवायच्या प्रयत्नात असतात. विनअँप बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेल याचीच ही करामत. इन्स्टॉलर इतका लहान की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, अर्धंच डाउनलोड झालं. साठ दिवस सगळं उघडं, त्यानंतरही ते फक्त आठवण करून देतं. परवाना साठ डॉलर, धंद्यातून वर्षाला वीस हजार डॉलरपेक्षा कमी मिळकत असणाऱ्यांसाठी. आपली मिळकत या मर्यादेत बसते की नाही असा प्रश्न पडला की होतकरूला क्षणभर फार मोठं झाल्यासारखं वाटतं. जुन्या मशिनवर पळणाऱ्यांत याच्याइतकं हलकं दुसरं नाही. तरी घेत कोणी नाही, कारण ते दिसायला सरकारी फॉर्मसारखं आहे, आणि व्हिडिओत मागे स्क्रीन दिसते तेव्हा रंग हवेत.

केकवॉक या सॉफ्टवेअरची कथा ऐकवली की मात्र सगळ्यांचे चेहरे उतरतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सन कंपनीने ते बंदच करून टाकलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेतलं आणि पुढे फुकट वाटायला सुरुवात केली. ज्यांनी काहीच महिन्यांपूर्वी पैसे मोजले होते, त्यांची गाणी त्या वर्षी दर्दभरी झाली असणार.

या सगळ्या पंथांना एकत्र बांधणारी एक गोष्ट आहे, आणि ती बंदरातल्या माणसाला पटकन कळते. एप्रिल १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीनने न्यू जर्सीतून ५८ पेट्या एका जहाजावर चढवून ह्यूस्टनला पाठवल्या. पुढे पेटीचे कोपरे आणि मापं साऱ्या जगात एक झाली, म्हणून शांघायची पेटी न्हावा-शेव्याच्या क्रेनला बिनबोभाट बसते. वाद्यांचं तेच १९८३ साली मिडीने झालं. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी या दोघांनी प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं एकाच तारेवर बोलती केली, आणि २०१३ मध्ये दोघांना त्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी मिळालं. म्हणूनच उरणच्या बेंजो पार्टीतला जुना कीबोर्ड, ज्याच्या दोन पट्ट्या पडलेल्या आहेत, आजही नव्या मशिनला लावता येतो. तो भंगारात देऊन नवा घेण्याआधी मागच्या बाजूला पाच टाचण्यांचं गोल भोक आहे का, एवढं बघावं.

ऑटोट्यूनबद्दल होतकरूला अपराधी वाटतं. तसं वाटायचं निदान उरणात तरी कारण नाही. अँडी हिल्डेब्रँड हा माणूस तेलाच्या शोधात होता. जमिनीत स्फोट करून परत येणाऱ्या लहरींवरून खाली तेल आहे का, हे गणिताने ताडायचं, हे त्याचं काम. तेच गणित गळ्याला लावून त्याने १९९७ मध्ये ऑटोट्यून काढलं. मुंबई हायचं तेल आणि वायू जिथे किनाऱ्याला लागतात ते ओएनजीसीचं उरण. न्हाव्यात ओएनजीसीचा पुरवठा तळ. तेलाच्या पैशाने घर चालवायचं आणि तेलाच्या गणिताने सूर लावायचा, इतकी सुसंगती दुसऱ्या कुठल्या तालुक्यात नाही. फक्त हळदीच्या गाण्यात करवल्यांचा कोरस ऑटोट्यूनमधून काढू नये. त्यांचा सूर एकमेकींना धरून असतो, पट्टीला नाही. यंत्र गोंधळतं, आणि करवल्या चिडतात.

आता खोली. जाहिरातीत दिसणाऱ्या स्टुडिओत भिंतीला करड्या रंगाचा फोम असतो. इथे कपाटातल्या गोधड्या. त्या फोमपेक्षा बऱ्याच जाड असतात आणि कामही बरं करतात. प्रश्न फक्त पाहुणे आले की उभा राहतो, कारण मग भिंतच पांघरायला काढावी लागते. कंडेन्सर माइक घेतला की त्याला सगळं ऐकू येतं. रिव्हर्स घेणाऱ्या ट्रेलरची टूंटूं, वळणावरचा हॉर्न, कुकर, समुद्रावरचं जहाज. एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री बंदरातली जहाजं एकदम भोंगे देतात. त्या वेळी रेकॉर्डिंग ठेवणारा माणूस एकतर नवखा असतो किंवा फार हुशार. अशा गावात साधा डायनॅमिक माइक बरा. तो तोंडासमोरचंच ऐकतो, बाकीच्या जगाशी त्याला देणंघेणं नसतं.

आणि अर्थिंग. ते नसेल तर स्पीकरमधून एक घूं येत राहते. आपली वीज ५० हर्ट्‌झची. बाजाच्या पेटीच्या हिशोबात हा सूर पांढरी पाचच्या खर्जाच्या जरासा वर बसतो. म्हणजे गायकाची पट्टी पांढरी पाच असेल तर महावितरण तानपुरा धरून मागे बसलेलीच आहे. पट्टी काळी दोन असेल तर मात्र वायरमनला बोलवावं. एका अर्थिंगच्या खड्ड्याने जेवढा आवाज साफ होतो तेवढा चाळीस हजारांच्या प्लगइनने होत नाही, पण खड्ड्याचा फोटो टाकता येत नाही.

सगळं जमलं की एक शांत काळ येतो. गाणं होत नाही. होतकरू प्लगइन जमवतो. सेलमध्ये, फुकट, भेट म्हणून, असे दोनशे कॉम्प्रेसर गोळा होतात. ते सगळे एकच काम करतात आणि त्यातला एकही त्याला कळत नाही. मग तो शिकवण्या बघतो. लॉस एंजेलिसमध्ये फिनियस आणि बिली आयलिश या भावंडांनी बेडरूममध्ये लॉजिकवर अल्बम केला, त्याला २०२०च्या जानेवारीत ग्रॅमींची रास मिळाली, हे त्याला पाठ असतं. त्या भावंडांची बेडरूम बारा जणांच्या कुटुंबात वाटून घेतलेली नव्हती, एवढाच फरक. भारतीय वाद्यांची लायब्ररी उघडली तर सतार, तबला, बासरी हजर. आपला बेंजो, म्हणजे बुलबुलतरंगाला पिकअप लावून लग्नात पेटवलेला तो, शोधूनही मिळत नाही. शेवटी गावातल्याच बेंजोवाल्याला चहा पाजून मोबाइलवर रेकॉर्ड करावं लागतं, आणि अख्ख्या गाण्यात लोकांना तेवढंच आवडतं.

२०१६ साली आलेल्या ‘सैराट’चं संगीत अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलं. त्यातल्याच ‘झिंगाट’ या गाण्याची परीक्षा उरणात मांडवातल्या चार बास बॉक्सवर झाली. घरच्या गाण्याचीही तिथेच होते. त्या डीजेवर डावा-उजवा कान असा भेद बहुधा उरत नाही. महिनाभर खपून जो आवाज डावीकडून उजवीकडे फिरवला, तो मधोमध उभा राहतो, आणि वाद्यं नीट बेतली नसतील तर एखादं गायबच होतं. म्हणून गाणं एकदा मोनोत, एकदा फोनच्या स्पीकरवर आणि एकदा रिक्षात ऐकून मगच द्यावं. दहाच्या आत वाजलं तर बरं; २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद ठेवायला सांगितलं आहे, आणि हळदीला रंग चढतो तो नेमका पावणेदहाला.

तेव्हा ज्याला विचारायचंच आहे त्याने हिशोब असा करावा. आधी अर्थिंग, मग लाल डबी आणि साधा माइक, मग बरा हेडफोन, आणि उरलेल्या पैशात सोळा जीबीचं जे मशिन बसेल ते, नवं किंवा मधल्या वयाचं. जुनं घेताना ते विंडोज अकरा घेतं का, एवढं तपासावं, कारण विंडोज दहाला आधार देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवलं. सॉफ्टवेअर जे शेजारच्या मित्राला येतं तेच. रात्री अकराला अडलं की फोन त्याला करायचा असतो, बेल्जियमला नाही. आणि हळद पंधरा दिवसांवर आली असेल तर कृपा करून काही अपडेट करू नका.